परक्याचा रांजण

"रांजण रिकामे आहेत, बुलान! सगळ्यांची हाडं गेली!"

लाइंग टेकडीवरून धापा टाकत आला, तेव्हा अख्खं गाव एकाच छपराखाली राहायचं त्या लांबघरातल्या बायका पाहुण्यांसाठी पानांत भात बांधत होत्या. धरणाखाली बुडणारी थडगी स्वतः बघायला न्यायाधीश आज येणार होते. ही जमीन त्यांच्या केन्या जमातीची, याला पिढ्यान्‌पिढ्या बंद असलेल्या, पूर्वजांच्या हाडांच्या त्या रांजणांएवढा दुसरा पुरावा नव्हता. आणि नेमका तोच गायब. आता बोला!

"धरण बांधणाऱ्या कंपनीवाल्यांचंच काम!" लाइंग दातओठ खात म्हणाला.

"आधी बघू तर दे." गावाचा खटला बुलानच लढवत होती.

दोघं टेकडीवर गेली. रांजणांचे राळेचे लेप फोडले होते, पण झाकणं नीट परत बसवली होती. समोर पानाची एकेक विडी, अर्धी जळालेली.

"विड्या फुंकत बसला होता, मेला!"

"फुंकल्या नाहीत रे. टोकं कोरडी आहेत. नुसत्या पेटवून ठेवल्यात." मेलेल्यांना हलवायचं तर आधी तंबाखू देऊन त्यांची परवानगी मागायची, ही तर घरची रीत. "सगळेच रिकामे?"

"कडेचा एक सोडून. त्याचा लेपही तसाच आहे."

त्यात कधीकाळी इथं तापानं गेलेला चिनी व्यापारी होता. रांजण मात्र बाकीच्यांसारखाच, वर खूण ना काही. कोणता कोणाचा हे बुलानच्या वडिलांना ठाऊक होतं, ते गेले. आता एकालाच ठाऊक होतं. ती तडक खाली उतरली.

थडग्यांचे राखणदार जालोंगकाका ओसरीवर जाळं विणत होते.

"काका, काल कुठं होतात?"

"रानात."

"कशाला?"

काकांनी जाळ्याची एक गाठ आवळली.

"विडी देऊन परवानगी मागितली, म्हणजे चोर आपल्यातला. परका तेवढा ओळखून सोडला, म्हणजे तुम्हीच. कुठं नेलंत सगळ्यांना?"

"वरच्या डोंगरावर. तिथं पाणी पोचायचं नाही."

"आत्ता आणतो परत!" लाइंग उठला.

"काय उपयोग? लेप फुटला. त्यांचा वकील म्हणेल, हाडं कालच आणून ठेवलीत." बुलानचा आवाज फाटला. "कुंपणानंच शेत खाल्लं, काका! आपण अजून हरलो नव्हतो. तुम्ही आधीच कसे हरलात?"

म्हाताऱ्यानं जाळं खाली ठेवलं.

"माझी लेक उबुंग नदीत बुडून गेली, पोरी. एवढीशी होती. तिला परत पाण्याखाली कशी ठेवू?"

बुलान त्यांच्याशेजारी बसली आणि ढसाढसा रडली. खाली काठाला न्यायाधीशांची होडी लागत होती.