तुंबाभर मध

हत्ती आला की काय करायचं, हे किरुम्बी गावच्या पोरींना आईच्या पाठीवर असतानाच कळतं. पण बूट घातलेला हत्ती आला तर काय करायचं, हे मकावासीला कुणी शिकवलं नव्हतं.

ऑक्टोबरची भर दुपार. ती शेताच्या कडेला मधमाश्यांसाठी वाडग्यात पाणी ओतत होती, आणि पायवाटेनं तो आला. गोणपाटाचं अंग, सुपाएवढे कान, पाण्याच्या जुन्या नळीची सोंड. आतून कुणीतरी मजेत गात होतं, आणि गात गात थेट तिच्या कुंपणाकडे निघालं होतं.

"अहो... अहो हत्ती! थांबा, तार—"

उशीर झाला होता. हत्ती तारेला अडकून सपशेल तोंडावर आपटला. त्या तारेला तिच्या बारा मधपेट्या टांगलेल्या होत्या. एक हलली, दुसरी हलली आणि मग सगळं कुंपणच घोंगावलं. खरे हत्ती या आवाजाला घाबरून माघारी फिरतात. या हत्तीला मात्र धड उठताही येत नव्हतं.

"हलू नका! आहात तसेच पडून राहा!" मकावासीनं धुराचा डबा पेटवला आणि त्याच्याभोवती फिरत राहिली. बऱ्याच वेळानं घोंगावणं थांबलं.

"गेल्या का?" गोणपाटातून आवाज आला.

"माश्या गेल्या. तुमची अक्कल परत आली का?"

सोंड बाजूला झाली. आतून घामानं निथळलेला एक तरुण निघाला. डावा कान सुजून पुरीसारखा टम्म फुगलेला, पण डोळे हसरे. इतके हसरे, की मकावासीला उगाचच धुराच्या डब्याकडे पाहावं लागलं.

"मी मुसेंबी. रेल्वेपलीकडचा, कांबा जमातीतला. गावोगाव हत्तीचं सोंग घेऊन फिरतो. हत्तींना मारू नका, मधमाश्यांचं कुंपण घाला, असं सांगतो."

"म्हणजे... तुम्ही लोकांना हेच कुंपण घालायला सांगता?"

"हो."

"आणि त्याच कुंपणात अडकलात?"

"कुंपण चालतं, हे तर दाखवलं ना?"

ती खळखळून हसली. मग जवळ येऊन अंगठ्याच्या नखानं त्याच्या कानात रुतलेला माशीचा काटा अलगद खरवडून काढला. काटा निघाला होता, तरी हात तिथंच राहिला होता.

"झालं," ती म्हणाली आणि पटकन मागे सरली.

पुढचे तीन आठवडे मुसेंबीचं सोंग दुसऱ्या कुठल्याच गावात गेलं नाही.

कारणही तसंच होतं. किरुम्बीत पाणी कमी आणि रानात त्याहून कमी, म्हणून तहानलेले हत्ती गावात शिरून टाक्या फोडायचे. रानाच्या कडेला मोठं तळं खोदलं, तर हत्ती तिथंच थांबतील आणि गावच्या टाक्या गावाला उरतील. मुसेंबी जिच्यासाठी सोंग घ्यायचा, ती हत्ती वाचवणारी संस्था अर्धा खर्च द्यायला तयार होती. अट एकच : उरलेला अर्धा गावानं स्वतः, आपल्या हराम्बेत, म्हणजे वर्गणीच्या सभेत, उभा करायचा. नाहीतर ते पैसे दुसऱ्या गावाला जाणार. भर सभेत मकावासी उठली होती आणि म्हणाली होती, "किरुम्बी आपलं तळं आपण खोदेल. हा माझा शब्द."

तिच्या पाठोपाठ तिचे वडीलच उठले होते. म्वालुमाकाका. गावात ज्यांच्या शब्दाला वजन, असे. "ज्या जनावरानं माझी टाकी फोडली, त्याच्या पाण्यासाठी माझ्या हातून एक शिलिंग सुटणार नाही."

गावची रीत अशी, की ज्यानं सगळ्यांत जास्त सोसलं तो हराम्बेत पहिला उठतो. तो बसून राहिला, तर बाकीचेही बसून राहतात. त्या वर्षी हत्तींपायी म्वालुमाकाकांइतकं कुणीच सोसलं नव्हतं.

"तुझ्या बाबांना मी समजावू का?" मुसेंबीनं विचारलं. एव्हाना दोघं 'तू'वर आली होती आणि रोज दारोदार हिंडून लोकांना हराम्बेचं आमंत्रण देत होती.

"तू? गेल्या वेळी समजावायला गेलास आणि त्यांच्या कोंबड्यावर पाय दिलास."

"कोंबडा मध्ये आला."

"कुंपणही मध्येच आलं होतं!"

"सगळं मध्ये येतं गं," तो हळूच म्हणाला, "तुझ्याकडे यायला निघालो की..."

मकावासी चार पावलं पुढे निघून गेली. तोंडावरचं हसू त्याला दिसू नये एवढ्यासाठीच.

रविवारी प्रार्थना आटोपून सगळं गाव मोठ्या बाभळीखाली जमलं. बायांनी ठेवणीतले कपडे घातले होते, पुरुष काठ्या टेकून बसले होते. पहिल्या रांगेत म्वालुमाकाका बसले होते, हाताची घडी घालून. मास्तर म्वाचिया बोली पुकारायला उभे राहिले आणि त्यांनी मकावासीनं दिलेला, मधानं भरलेला भोपळ्याचा तुंबा उंच धरला. वर्षाचा पहिला मध होता तो.

"बोला! मकावासीच्या पोळ्यांचा मध! कोण बोलतंय?"

कुणीच बोललं नाही. सगळ्यांच्या नजरा काकांच्या पाठीवर होत्या आणि ती पाठ ढिम्म हलत नव्हती. मकावासीला दिसत होतं : आपला शब्द आज या झाडाखाली मातीत जाणार, आणि तोही आपल्याच बापापायी.

"पाचशे!" मागून आवाज आला. मुसेंबी.

"पाचशे! त्याच्या वर कोण?" मास्तर आशेनं पाहू लागले.

"सातशे!" पुन्हा मुसेंबी.

"अरे बाबा, स्वतःच्याच बोलीवर चढतोस?"

"मध चांगला आहे, मास्तर. पाचशेत घेतला तर त्याचा अपमान होईल. हजार!"

लोक हसले. मकावासीही हसली, पण तिचे डोळे भरून आले होते. महिन्याचे उरलेसुरले पैसे टेबलावर ठेवून मुसेंबीनं तुंबा घेतला. आता तो परत टेबलावर ठेवायचा आणि पुन्हा त्याची बोली लागायची, हराम्बेत असंच चालतं. घेतलेली वस्तू घरी नेणाऱ्याला गाव वर्षभर हसतं.

मुसेंबीनं तुंबा परत ठेवला नाही. छातीशी धरून तो चालू लागला.

"ए कांबा! ठेव तो इथं!" मास्तर ओरडले.

तो थेट पहिल्या रांगेत गेला, म्वालुमाकाकांपुढे गुडघे टेकले आणि तुंबा त्यांच्या पायाशी ठेवला.

"काका, आमच्याकडे मुलगी मागायची तर तिच्या वडिलांच्या पायाशी मध ठेवतात. माझ्याकडे गायी नाहीत, शेत नाही. गोणपाटाचा एक हत्ती आहे. मी... तुमच्या मकावासीला मागायला आलोय."

बायांच्या घोळक्यातून मोठा उद्गार उठला. मकावासीला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं... पण जरा थांबून, बाबा काय म्हणतात ते ऐकल्यावर.

म्वालुमाकाकांनी तुंब्याकडे पाहिलं. मग पोरीकडे पाहिलं. तीन आठवडे धुळीत हिंडून तिचे पाय फुटले होते, तरी मान ताठ होती. अगदी त्यांच्यासारखी.

"हा मध आता माझा?"

"तुमचाच."

काका सावकाश उठले. तुंबा उचलला, टेबलापाशी गेले आणि आपल्या हातांनी तो मास्तरांपुढे ठेवला.

"म्वालुमाच्या घरून," ते खड्या आवाजात म्हणाले. "लावा बोली."

मग पहिल्या बाईनं गाणं उचललं, दुसरीनं टाळ्या धरल्या आणि सगळ्या बाया नाचत काकांभोवती आल्या. त्यांच्यामागून गाव उठलं. कुणी शेळी आणली, कुणी केळीचे घड आणले, कुणी पदराच्या गाठी सोडल्या. त्या एका तुंब्यावर अकरा वेळा बोली लागली, आणि अकराही वेळा तो टेबलावर परत आला. सूर्य कलायच्या आत मास्तरांनी आनंदानं जाहीर केलं : तळं होणार!

"बाबा," मकावासी डोळे पुसत म्हणाली, "आणि तुमचा शब्द?"

"शिलिंग कुठं दिलं मी? मध दिला." मग ते मुसेंबीकडे वळले. "आणि तू! माझ्याच पोरीचा मध माझ्यापुढे ठेवून माझी पोर मागतोस? स्वतःच्या पोळ्याचा घेऊन ये, मग बघू."

"आणला तर... द्याल ना?"

"आधी तार ओलांडायला शीक."

गावानं तळं खोदलं. नोव्हेंबर-डिसेंबरच्या पावसात ते काठोकाठ भरलं. फेब्रुवारीत रानातले ओढे आटले, तेव्हा एका सकाळी सगळी किरुम्बी टेकडीवर उभी राहून खाली पाहत होती. लाल मातीनं माखलेले सतरा हत्ती तळ्यात उतरले होते. गावातली एकही टाकी फुटली नव्हती.

"तो बघ, फाटक्या कानाचा," काका म्हणाले. "माझी टाकी त्यानंच फोडली." मग त्यांनी तळ्याकडे हात केला. "पी रे. पोटभर पी. माझ्या लेकीचं तळं आहे."

मकावासीनं मान वळवली. अभिमानानं छाती भरून आली होती आणि ते बापाला दाखवायचं नव्हतं. मागे मुसेंबी उभा होता. हातात छोटासा तुंबा, आणि या वेळी उजवा कान सुजलेला.

"माझ्या पोळ्याचा," तो म्हणाला. "काका नंतर. आधी तू सांग."

तिनं बोट बुडवून चाखलं.

"धुराचा वास येतोय," ती म्हणाली.

त्याचा चेहरा पडला.

"पण मी खाईन," मकावासी म्हणाली. "रोज." आणि त्याच्या कानातला काटा काढायला तिनं हात पुढे केला.