जिन्यावर मांडलेलं अ‍ॅप

“तुमचा नंबर रद्द झालाय,” डोळ्यांच्या दवाखान्यातल्या बाईंनी याही वेळी सांगितलं.

सदाशिव पेठेतून कर्वेनगरला येईपर्यंत आनंदीबाई बसमध्ये फोन उघडून पुन्हा पुन्हा बघत होत्या. त्यांची पिशवी घेऊन बसलेली नम्रताही दमली होती. सुट्टी लागल्यापासून या शेजारच्या आजींना दवाखान्यात न्यायचं काम तिच्याकडे होतं, आणि दर वेळी दोघी तशाच परत येत होत्या.

“अ‍ॅपवर नंबर घेतलेला आठवतो गं. पण मीच काहीतरी विसरत असेन,” जिना चढताना आनंदीबाई म्हणाल्या. “मुलगा रविवारी न्यायला येतोय. म्हणतो, आता एकटी राहू नकोस, घर बंद कर आणि नागपूरला चल.”

नम्रताला ते पटेना. सोसायटीतल्या पोरासोरांचे वाढदिवससुद्धा आजींना पाठ होते.

तिने धाकट्या भावाला, सोनूला, आणि वरच्या मजल्यावरच्या साईला बोलावलं. साई शिबिरात स्टोरीबोर्ड, म्हणजे चित्रांनी क्रम मांडायला, शिकला होता. तो म्हणाला, “अ‍ॅपचं एकेक पान कागदावर काढायचं. कुठलं बटण कुठे नेतं, ते दोऱ्याने जोडायचं.”

“म्हणजे सुट्टीत चित्रकला,” सोनू कुरकुरला. पण कागद त्यानेच आणले.

साई आजींच्या फोनवर बटण दाबी, नम्रता दिसेल ते काढी. ‘नंबर मिळाला’ हे पान आलं आणि काम संपलं. पायरीपायरीवर कागद मांडून त्यांनी आजींना बोलावलं. आजी बोट ठेवत नीट शेवटच्या पानापर्यंत आल्या. मग बोट ‘मागे’ या बटणावर गेलं.

“आजी, झालं की. आता कुठे निघालात?”

“पहिल्या पानावर. हे सांगायचे, काम झालं की सगळं मिटवून फोन ठेव. हे गेल्यापासून तसंच करते.”

त्या बटणाला दोराच नव्हता. साईने फोनवर ते दाबलं. पहिलं पान आलं. नंबर गेला होता. ना विचारलं, ना सांगितलं. आणि ‘नंबर मिळाला’च्या पानावरून बाहेर पडायला दुसरं बटणच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिघं आजींसोबत दवाखान्यात गेली. अ‍ॅप बनवणारे संपतराव तिथेच होते.

“अ‍ॅप बरोबर आहे. वापरणाऱ्याला समजायला हवं,” ते म्हणाले.

“हो काका. मग तुम्हीच नंबर घ्या आणि पहिल्या पानावर या,” नम्रता म्हणाली.

संपतरावांनी नंबर घेतला, ‘मागे’ दाबलं आणि गेलेला नंबर शोधू लागले. साईने बाकावर कागद पसरले. “इथे दुसरा रस्ताच नाहीये, काका.”

दारात उभ्या डॉक्टरांनी दोरे नीट पाहिले. “शाब्बास, मुलांनो. संपतराव, आधी तुमचेच डोळे तपासायला हवेत. आनंदीबाई, आत या.”

तपासून झाल्यावर आनंदीबाईंनी मुलाला फोन लावला.

“रविवारी ये, जेवायला थांब,” त्या म्हणाल्या. “आणि हे बघ, परतीचं तिकीट एकच काढ.”