यंत्राला न दिसलेली आठ पावलं

"गेला! भिंतीतून आरपार गेला!" चष्मिस ओरडला.

"कोण गेला?" ढोल दचकून उठला.

"माझ्या संगणकावरच्या खेळातला राक्षस, मठ्ठा! एवढी जाड भिंत बांधली, आणि हा हात घालतो तर हात पलीकडे! ना धडक, ना आवाज!"

ढोल हा चष्मिसचा धाकटा भाऊ. तो कुजबुजला तरी शेजारच्यांची मांजर जागी व्हायची, म्हणून ढोल. दोघं सुट्टीला मामाकडे आले होते. एरवी मामाने या ओरड्यावर चार टोमणे तरी हाणले असते. आज तो खिडकीशी नुसता बसून होता. समोरच्या चहावर साय धरली होती.

"हळू बोला रे," मामाची मुलगी बिट्टी दारातून म्हणाली. ती तेरा वर्षांची. पण गेल्या चार दिवसांत तिचा चेहरा तीस वर्षांच्या बाईसारखा झाला होता.

मामा नदीवरच्या फेरीबोटीचा कप्तान. चार दिवसांपूर्वी सकाळी असं धुकं पडलं, की माणसाला स्वतःचं नाक चाचपून बघावं लागत होतं. मामा बोट गोगलगायीच्या चालीने हाकत होता. डोळा सुकाणूजवळच्या यंत्रावर. समोरच्या किंवा बाजूच्या वस्तूपासून बोट किती दूर आहे, ते हे यंत्र आकड्यात दाखवायचं, आणि अंतर पाच मीटरच्या आत आलं की बोंब ठोकायचं. म्हणून त्याचं नाव बोंबल्या! त्या दिवशी बोंबल्या बोंबललाच नाही. वाळूने भरलेल्या, नांगर टाकून उभ्या असलेल्या एका लाकडी होडक्यात बोट घुसली. बोटीच्या नाकावर दोर टाकायला उभे असलेले दोरकाका धक्क्याने पाण्यात फेकले गेले. ते तिसऱ्या दिवशी सापडले, खालच्या वळणावर.

"फेरीचा मॅनेजर म्हणतो, मी यंत्र बंद ठेवलं होतं," मामा खिडकीबाहेर बघत म्हणाला. "उद्या दहाला चौकशी आहे. परवाना जाईल. तो जाऊ दे... पण मला आता रात्रंदिवस वाटतं, खरंच बंद तर केलं नव्हतं मी?"

"बाबा, तू म्हणालास ना, की तुला आकडा दिसत होता!"

"दिसत होता. सहावर बोट थांबवली मी. मग सहा मीटर लांबचं होडकं फुटलं कसं, बिट्टे?"

शांतता ढोलला कधीच सोसत नसे. त्याने भावाला कोपरखळी मारली. "तुझा राक्षस का रे गेला आरपार?"

"गाढवपणा, दुसरं काय! संगणकाला काय डोळे असतात? त्याला राक्षसही दिसत नाही आणि भिंतही दिसत नाही. प्रत्येकाभोवती आपण एक अदृश्य चौकट आखून द्यायची. दोन चौकटी एकमेकींत घुसल्या, की त्याच्या लेखी धडक. काल मी राक्षस मोठा केला. चित्र वाढवलं आणि चौकट विसरलो! हात चौकटीबाहेर लोंबतोय. संगणकाच्या लेखी तिथे हातच नाही!"

बिट्टी दाराला धरून उभी राहिली. "परत म्हण."

"काय? गाढवपणा?"

"चित्र वाढवलं, चौकट विसरलो." ती दार सोडून आत आली. "मागच्या वर्षी बोट वाढवली आहे. जास्त गाड्या मावाव्यात म्हणून मधोमध कापून नवा तुकडा जोडला. बोंबल्या तोच आहे, जुना!"

चष्मिसने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "चला!"

धक्क्यावर यंत्रवाल्याची चाचणी चालू होती. एक लाँच बोटीच्या कुशीला चिकटत येत होती आणि वर बोंबल्या कानठळ्या बसवत होता. पींऽऽ! पींऽऽ!

"ठणठणीत आहे साहेब!" यंत्रवाल्याने खाली मॅनेजरला हाक दिली.

"हेच उद्या चौकशीला दाखवायचं," मॅनेजर हात चोळत म्हणाला. "कप्तानाचा खेळ खलास!"

"पण लाँच बाजूने आणतायत," चष्मिस पुटपुटला. "टक्कर पुढून झाली होती. बोट लांबीला वाढली आहे, रुंदीला कुठे!"

धक्क्याच्या लोखंडी खुंटावर एक मुलगी बसली होती. मांडीवर दोराचं भेंडोळं. दोरकाकांची मुलगी. ती कुठलीही गाठ एका हाताने मारायची, म्हणून तिचे वडील तिला सुरगाठ म्हणत. आता त्या नावाने हाक मारणारं घरात कोणी उरलं नव्हतं.

बिट्टी पुढे झाली. "सुरगाठ..."

"ते नाव घेऊ नकोस! तुझ्या बाबाने माझ्या बाबांना बुडवलं."

बिट्टीने मान खाली घातली. बोलला तो ढोल, आणि जन्मात पहिल्यांदाच हळू बोलला. "बुडवलं असेल, किंवा नसेलही. आम्हाला बोट मोजायची आहे. आमच्याकडे एवढी लांब टेप नाही."

सुरगाठने तिघांकडे पाहिलं. मग भेंडोळं उचललं. "हा बाबांचा पाणी मोजायचा दोर. दर मीटरला एक गाठ. पण काही लपवलंत तर याच दोराने बांधून घालीन तिघांना!"

"बाबांचा रेनकोट वर राहिला आहे," असं सांगून बिट्टीने रखवालदाराला वाटेतून हलवलं. त्याने नुसती मान डोलावली. दोरकाका त्याच्याच डब्यातलं खायचे.

बोंबल्याचा पासवर्ड फार गुप्त होता. इतका, की कोणी विसरू नये म्हणून यंत्राच्याच बुडाला चिठ्ठीवर चिकटवला होता! चष्मिसने आकडे दाबले. "हे बघा! छतावरच्या अँटेनापासून नाकापर्यंत, बावीस मीटर!"

बाहेर सुरगाठ अँटेनाखालून निघाली. दोर पसरत, गाठी मोजत. डेकवरच्या एका आडव्या जोडाशी ती थांबली. "इथून नवा तुकडा. बाबा म्हणायचे, 'आता नाकापर्यंत जायला माझी आठ पावलं वाढली गं!'" ती पुढे चालत गेली. नाकाच्या टोकाशी पोचून ओरडली, "तीस!"

"आणि ही त्या सकाळची नोंद," चष्मिस वाचू लागला. "यंत्र चालू. वेग शून्य. समोरचं अंतर सहा मीटर. सुरक्षित."

"सहातून आठ गेले," बिट्टी म्हणाली, "तर..."

"जातच नाहीत!" ढोल म्हणाला.

"जातात. दोन मीटर आत."

फुटलेलं होडकं धक्क्याच्या टोकाला बांधून ठेवलं होतं. सुरगाठने त्याच्या भगदाडात दोर सोडला. एक गाठ आत गेली. दुसरी गेली. तिसरी गेली नाही.

"मॅनेजरला सांगू या!" ढोल उसळला.

"खुळा की काय!" बिट्टीने त्याचं तोंड दाबलं. "तो बावीसचे तीस करून मोकळा होईल, आणि मग काय दाखवणार आपण? उद्यापर्यंत तोंडाला कुलूप!"

ढोलच्या तोंडाला रात्रभर कुलूप राहिलं. त्या घराण्याच्या इतिहासात असं पूर्वी घडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दहाला चौकशी अधिकारी बाई आल्या. कडक इस्त्रीचे कपडे, हातात वही. मामा कठड्याला टेकून उभा होता. दाढी वाढलेली. लाँच बाजूने आली, बोंबल्या बोंबलला, मॅनेजर हसला.

"आता पुढून आणा ना," बिट्टी म्हणाली.

"ए पोरांनो, निघा इथून! हा काय खेळ आहे?" मॅनेजर खेकसला.

"मॅनेजरकाका घाबरले वाटतं!" ढोलने ठेवणीतला आवाज काढला. नदीपलीकडचे बगळे उडाले.

"घाबरतो कोण? आणा रे पुढून!"

बाईंनी वहीतून मान वर केली. "आणाच."

लाँच वळून समोरून हळूहळू येऊ लागली. तिच्या टोकाला दोराचं एक टोक बांधलेलं होतं. दुसरं टोक सुरगाठच्या हातात. वडील उभे राहायचे नेमक्या त्याच जागी ती उभी राहिली आणि दोर ओढून घेत गाठी मोजू लागली.

"सात! सहा!" तिने श्वास घेतला. "पाच!"

बोंबल्या गप्प.

"चार! तीन!"

मॅनेजरचं हसू ओठांवरच वाळलं. यंत्रवाला बोंबल्याला चापट्या मारू लागला.

"दोन! एक!"

टक्! लाँचचे टायर बोटीच्या नाकाला टेकले. बोट किंचित हलली. बाई वाकून पडद्यावरचं वाचू लागल्या. "आठ मीटर. सुरक्षित."

मग सुरगाठ म्हणाली, "माझे बाबा इथे उभे होते. यंत्राच्या हिशेबात इथे बोटच नव्हती. नुसतं पाणी होतं."

चष्मिसने बाईंना बावीसचा आकडा दाखवला, त्या सकाळची नोंद दाखवली, होडक्याचं भगदाड दाखवलं. बाईंनी बोट वाढवल्याची फाईल मागवली. त्यात एक ओळ होती, 'नवी लांबी यंत्रात भरली'. पुढे बरोबरची खूण, खाली मॅनेजरची सही.

"वर जाऊन पाहिलं होतंत?"

"सगळेच तशी सही करतात, बाई," मॅनेजर पुटपुटला. "जिना फार उभा आहे."

"आता पदावरून उतरा," बाई म्हणाल्या. "तो जिनाही उभाच आहे."

त्यांनी मुलांच्या पाठी थोपटल्या. "मोठमोठ्या इंजिनिअरांना सुचलं नाही ते तुम्ही शोधलंत! शाब्बास!" रखवालदाराने टाळ्या वाजवल्या, पण त्या दोन-चारच वाजल्या, आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं.

मामा मात्र हसला नाही. तो सुरगाठपुढे जाऊन उभा राहिला. "बाई मला निर्दोष म्हणतील, पोरी. पण वर्षभर बोट मी चालवली, उजेडात डोळ्यांच्या भरवशावर. बोट वाढलेली मला दिसत होती. यंत्राला कोणी सांगितलं का, हे मी एकदाही विचारलं नाही. ते माझं आहे."

सुरगाठने दोर उलगडला. नंतर तिने दोराचं एक टोक बिट्टीच्या हातात दिलं. "धर. ताण दे. ढिला सोडलास तर माप चुकतं."

त्या दुपारी बोंबल्यात तीसचा आकडा भरला. भरण्याआधी मामाने 'एकदा मोजून मगच' म्हणत यंत्रवाल्याला थांबवलं होतं. दोघी दोर घेऊन निघाल्या. बिट्टी अँटेनाखाली उभी राहिली. सुरगाठ चालत गेली. जोडाशी थांबली, आणि तिथून पुढची आठ पावलं मोठ्याने मोजली. धक्क्यावरच्या सगळ्यांना ऐकू जातील अशी.