चक उलटा की सुलटा?

पैज लागली ती मालूवहिनींच्या मिसळीच्या दुकानात, आणि लावली मीच.

"चक उलटा फिरतोय," मी म्हणालो.

"सुलटा फिरतोय," वहिनी म्हणाल्या. माझ्या फोनवरचा हर्षदाचा व्हिडिओ त्यांनी पाहिलासुद्धा नव्हता. रस्सा ढवळत होत्या.

"अहो, बघा तरी एकदा!"

"बघायचं काय त्यात? मशीन हर्षदानं चालवलंय. ती उलटं चालवायची नाही."

मी गल्लीचा गजूकाका. मंडप आणि स्पीकर भाड्यानं देणं हा माझा धंदा आणि लोकांच्या खोड्या काढणं हा छंद. असली आयती शिकार मी सोडतो होय? लगेच पैज ठरली. हरेल त्यानं फेटा बांधायचा, हातात माइक घ्यायचा आणि ऐन संध्याकाळच्या गर्दीत गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उलटं चालत जायचं. वर आपण कसे चुकलो ते ओरडून सांगायचं. मी तर वहिनींसाठी गुलाबी फेटा मनात ठरवूनसुद्धा टाकला.

हर्षदा चौगुले आमच्या शेजारची. आयटीआयत टर्नरच्या पहिल्या वर्षाला आहे. टर्नर म्हणजे लेथवर (लोखंड गरगर फिरवून त्याला आकार देणारं यंत्र) काम करणारा कारागीर. पण आता आमच्याकडं दूध रोबो घालतो, रस्ता रोबो झाडतो. त्यामुळं पोरांना वाटायला लागलंय की हातानं करायचं काही उरलंच नाही. टर्नरच्या वर्गात यंदा मोजकी पोरं. पुढच्या वर्षी नवी आली नाहीत तर वर्ग बंद, आणि हर्षदाचं शिक्षण अर्ध्यावर.

म्हणून तिनं 'माझं कसब' या विद्यार्थ्यांच्या व्हिडिओ स्पर्धेत भाग घेतला. जे व्हिडिओ पहिल्या फेरीत पास होतात, ते प्रवेशाच्या आठवड्यात जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांत दाखवतात. व्हिडिओत ती लेथवर एक बुश (फिरत्या दांड्याभोवती बसवायची पोकळ कडी) बनवत होती. झकास केलं होतं! पण चक, म्हणजे लोखंड पकडून फिरवणारा तीन दातांचा पंजा, तो चक्क हळूहळू उलटा फिरताना दिसत होता.

वहिनींशी हात मिळवतोय तोवर हर्षदाच दुकानात आली. हातात फोन.

"काका, व्हिडिओ बाद केला. म्हणे, यंत्र उलट्या दिशेनं चालवलंय, धोकादायक पद्धत."

"बघा वहिनी!" मी टेबलावर थाप मारली. "घ्या फेटा बांधून!"

वहिनींनी माझ्याकडं असं बघितलं की माझा हात टेबलावरच राहिला. हर्षदाचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही.

"मुदत संपली, दुसरा व्हिडिओ पाठवता येत नाही," ती म्हणाली. "पण फेरतपासणी मागता येते. मी मागितली. परीक्षक दुपारी आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये येतोय."

"काय सांगणार त्याला?"

"मला अजून माहीत नाही. पण चक सुलटा होता हे मला माहीत आहे."

दुपारी मीही गेलो. पैज जिंकताना बघायला नको?

परीक्षक आला तो दोन पायांचा, निळ्या रंगाचा रोबो. छातीवर नाव होतं 'पारख'. मी लगेच त्याचा पारखराव करून टाकला. बोलणं एकदम छापील.

"कृपया यंत्र चालू करावे."

हर्षदानं वेणी टोपीत कोंबली, चष्मा चढवला, लेथ सुरू केला. मला नुसता धूसर, चकचकीत गोळा दिसत होता. टूलच्या (लोखंड कापणाऱ्या पात्याच्या) टोकाशी लोखंडाची कुरळी साल निघत होती, सफरचंद सोलावं तशी.

"चक उलटा फिरत आहे," पारखराव म्हणाले. "मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहत आहे."

"ही साल बघा की," हर्षदा म्हणाली. "चक वरून माझ्याकडं येत खाली फिरतो, तेव्हा लोखंड टूलच्या धारेवर येतं आणि सोललं जातं. उलटा फिरला असता तर ते टूलच्या पाठीवर घासलं असतं. सालच निघाली नसती."

पारखराव वाकले. "साल निघत आहे. चक उलटा फिरत आहे. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही. माझे डोळे निर्दोष आहेत. म्हणून सालीबद्दल तुझे सांगणे चूक असावे."

"झालं!" मी म्हणालो.

"गजूकाका, जरा गप्प बसता का?" हर्षदानं लेथ बंद केला. मग ती पारखरावांच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिली, अगदी नाकाशी नाक. "तुमचे डोळे म्हणजे काय असतं?"

"कॅमेरे. दर सेकंदाला तीस चौकटी (क्षणभराची स्थिर चित्रे) घेतात."

"आणि दोन चौकटींच्या मधे?"

"मधे काही दिसत नाही. मात्र ते अंतर फारच छोटे असते."

"तुमच्यासाठी छोटं. चकासाठी?"

हर्षदानं थांबलेल्या चकाचे तीन दात बोटानं मोजले. मग एकदम माझ्याकडं वळली. "काका, मंडपवाल्या पोरांच्या त्या पिवळ्या टोप्या आहेत ना? तीन द्या. आणि बाहेर अंगणात खेळणारी तीन पोरं बोलवा, सारख्या उंचीची."

"अगं, तू जिंकलीस तर मला उलटं चालायला लागेल!"

"मग चाला की."

काय करणार? टोप्या आणल्या.

हर्षदानं अंगणात खडूनं मोठं गोल रिंगण काढलं. रिंगणावर सारख्या अंतरावर तीन फुल्या. प्रत्येक फुलीवर पिवळ्या टोपीचं एक पोर.

"तुम्ही चकाचे तीन दात," ती पोरांना म्हणाली, "गोल पळायचं, फक्त पुढं. पण काकांची टाळी वाजली की जागेवर थांबायचं. पारख, तुम्ही फक्त टाळीला क्षणभर डोळे उघडायचे. मधे मिटायचे."

मी टाळी वाजवली. तिन्ही टोप्या तीन फुल्यांवर. पोरं पळाली. प्रत्येक पोर पुढच्या फुलीपर्यंत पोचायला एक पाऊल कमी पडलं, तेवढ्यात हर्षदाच्या खुणेवर मी टाळी दिली. पुढच्या टाळीला दोन पावलं कमी. मग तीन.

"काय दिसलं?" हर्षदानं विचारलं.

"टोप्या फुल्यांपासून एक पाऊल मागे, मग दोन, मग तीन," पारखराव म्हणाले. "टोप्या उलट्या सरकत आहेत."

"ए, आम्ही तर पुढं पळतोय!" पोरं ओरडली. एक तर धापाच टाकत होतं.

"तेच!" हर्षदा टुणकन उडाली. "टोप्या सारख्या, म्हणून कुठली कोणाची ते तुम्हाला कळत नाही. डोळे उघडल्यावर फुलीजवळ जी टोपी दिसते तीच मघाची टोपी, असं तुम्ही धरता. खरं तर ती मागच्या पोराची असते. जवळजवळ पुढच्या फुलीपर्यंत पळून आलेल्या पोराची! चकाचे दातही सारखे. दोन चौकटींच्या मधे प्रत्येक दात पुढच्या दाताच्या जागेपर्यंत पोचायला थोडासा कमी पडतो, म्हणून तुम्हाला चक मागं जाताना दिसतो."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. व्हिडिओत गाडीची चाकं उलटी फिरताना दिसतात, त्याचंही कारण हेच की! अशा नसलेल्या, नुसत्या दिसणाऱ्या गतीला भासगती म्हणायला हरकत नाही. उजेडाचा आनंदही झाला आणि गुलाबी फेटाही आठवला.

"तर्क योग्य वाटतो," पारखराव म्हणाले. "परंतु यंत्रावर सिद्ध करावा."

"करते. आधीच सांगून करते," हर्षदा म्हणाली. "मी चकाचा वेग वाढवणार. सेकंदाला बरोबर दहा फेऱ्या. तुमच्या तीस चौकटी, म्हणजे एका फेरीला तीन. प्रत्येक चौकटीत प्रत्येक दात नेमका पुढच्या दाताच्या जागी. तेव्हा तुम्हाला चक थांबलेला दिसेल. वेग वाढवल्यावर थांबलेला!"

लेथ पुन्हा सुरू झाला. तिनं वेगाचं बटण अगदी हळू फिरवलं, आकडा बघत.

"उलटा… अधिक हळू उलटा…" पारखराव सांगत होते. "चक थांबला."

आणि थांबलेली वस्तू तपासावी तसा त्यांनी हात पुढं केला, सरळ चकाकडं.

"हात मागं!" हर्षदा ओरडली आणि ब्रेकच्या पट्टीवर दणकन पाय दिला. चक करकरत थांबला. पारखरावांची बोटं दातांपासून वीतभर दूर होती.

हर्षदानं ब्रेकवरून पाय काढला नव्हता.

"माझ्या डोळ्यांना तो थांबलेलाच होता," पारखराव म्हणाले. "मग तुला तो थांबवावा का लागला, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. उत्तर एकच आहे. तो फिरत होता."

"दात सगळे सारखे असतात, म्हणून घोटाळा होतो," हर्षदा म्हणाली. तिनं एका दातावर खडूची जाड रेघ ओढली. "आता परत बघा."

लेथ परत सुरू झाला. या वेळी पारखरावांनी दोन्ही हात पाठीमागं बांधले.

"रेघ दर चौकटीला पुढच्या दाताच्या जागी दिसते. वरून खाली, तुझ्या दिशेने. चक सुलटा फिरत आहे. फेरतपासणी मान्य. व्हिडिओ पास."

आम्ही सगळे ओरडलो. मीसुद्धा. काय करणार, तोंडातून निघूनच गेलं.

"आणखी एक," पारखराव म्हणाले. "फेरतपासणीचे चित्रण मूळ व्हिडिओला जोडण्याचा नियम आहे. म्हणजे पिवळ्या टोप्या आणि माझी बोटेही शाळांत दाखवली जातील. माझ्यासारखे डोळे असलेल्या सर्व यंत्रांनाही मी हे कळवीन. लेथपाशी उभे राहायला आम्हाला शिकवणारे कोणीतरी लागेल असे दिसते."

संध्याकाळी मी गुलाबी फेटा बांधला. दुकानाच्या दारात वहिनी कमरेवर हात ठेवून उभ्या. बाजाराची वेळ, गल्ली फुल्ल.

"चक सुलटा होता हो! गजानन उलटा होता!" मी माइकमध्ये ओरडत मागं मागं निघालो. लोक खिडक्यांतून बघायला लागले. पोरांची झुंड माझ्यासमोरून चालत येत होती. पिवळ्या टोपीवालं एक पोर हर्षदाची बाही ओढत विचारत होतं, "ताई, टर्नरला जायला दहावी लागते का गं? माझ्या दादाची झालीय." तिच्या आयटीआयतल्या घाटगे सरांना तर कोपऱ्यावर चौघा-पाचजणांनी आधीच घेरलं होतं.

हर्षदा माझं शूटिंग करत होती. मला शेवटची एक खोडी सुचली.

"हर्षदा! हा व्हिडिओ मी शेवटाकडून सुरुवातीकडं चालवला तर मी सरळ चालताना दिसेन की गं!"

"चालवा की, काका," ती फोनमागून म्हणाली. "मग अख्खी गल्ली तुमच्यासमोर उलटी चालताना दिसेल."

वहिनी माझ्या मागून ओरडल्या, "अजून अर्धी गल्ली राहिलीय, गजूभाऊ! मोठ्यानं!"

मी माइक तोंडाशी धरला आणि मागं पाऊल टाकलं.