जांभळा वाफा

चिंचवलीत कुणाच्या घरी कोण जेवायला जाणार, हे आता वाफे ठरवत. गावाच्या शेतावर प्रत्येकाच्या नावाचा एक वाफा होता आणि त्यात 'जागल्या' नावाची पालेभाजी. ती खायची नसे. रोज सकाळी आपली लघवी पाण्यात मिसळून तिला घालायची, एवढंच. शरीरात कुठे कर्करोगानं मूळ धरलं की त्याच्या खुणा लघवीत उतरतात. जागल्याची मुळं त्या ओळखत आणि हिरवं पान जांभळं होई, दवाखान्याच्या तपासणीत काही दिसण्याच्या कितीतरी आधी. मग त्या माणसाला शेतावरच्या ताज्या भाज्यांचा डबा सुरू होई आणि डब्याबरोबर एक सोबतीण येई. एकट्याला घास उतरत नाही, म्हणून समोर बसून जेवणारी.

द्वारकाबाईंचा वाफा मागे एकदा जांभळा झाला होता. तेव्हा सुगंधा यायची. "आजी, आज मीठ शेजाऱ्यांना दिलंत की काय?" म्हणत हक्कानं वाढून घ्यायची. एकेकाळी चौदा पानांची पंगत उठवलेल्या द्वारकाबाईंना त्या दोन ताटांचं केवढं अप्रूप! वर्षभराच्या उपचारांनी पानं हिरवी झाली. सगळ्यांनी पेढे खाल्ले. दुसऱ्या दिवशी सुगंधा आली नाही. ती दुसऱ्या कुणाच्या जांभळ्या वाफ्याकडे गेली होती.

आता पानं पुन्हा जांभळी दिसत होती. हे वाण तयार करणारी डॉ. तस्नीम मुजावर वाफ्यापाशी उकिडवी बसली होती. तिचा चेहरा पार उतरला होता.

"आजी, तुम्ही चांगल्या खडखडीत बऱ्या झाला होतात. इतक्या लवकर पुन्हा? वाणच बिघडलंय बहुतेक."

"मग?"

"मग काय, उपटायचं. तालुक्यातलं सगळं."

"आणि ज्याला खरंच झालंय, त्याला कसं कळायचं?"

"दवाखान्यात कळेल. उशिरा."

द्वारकाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. डोळ्यांपुढे दोन ताटं होती, एकमेकांसमोर मांडलेली. मग त्यांनी टोक सोडलं.

"उपटू नको गं. बीट आहे ते."

"काय?"

"बिटाचा रस. पेजेत कालवून लावला. लुगड्यांना खळ करायचो ना, तसा. धरून राहतो छान."

तस्नीम बघतच राहिली. मग हसली, पण डोळे भरून आले. "अहो, मला सांगायचं! मी आले असते जेवायला."

"येते म्हणाली होतीस की. मागच्या संक्रांतीला."

तस्नीमनं झारी ओढली, पानांवर पाणी धरलं आणि अंगठ्यानं चोळू लागली. लालभडक ओघळ मातीत उतरले. हळूहळू पाणी निवळ झालं.

पान जांभळंच होतं.

तिनं दुसरं पान धुतलं, तिसरं धुतलं. "रस कधी लावलात?"

"पोळ्याला. तेव्हा हिरवं होतं."

तस्नीमच्या हातातली झारी तशीच वाहत राहिली. द्वारकाबाई त्या पानांकडे बघत होत्या. भीती वाटायला हवी होती. ती येईलच मागाहून. आधी मनात आलं, घरात तांदूळ पुरेसे आहेत ना.

"सुगंधाला निरोप दे," त्या म्हणाल्या. "म्हणावं, मीठ मी आजच आणून ठेवते."