मंजुरीच्या प्रतीक्षेत

बसा. चित्र बांधून ठेवलेलं नाही, तेवढं आधीच सांगतो. तुम्ही गाडी घेऊन आलात, प्रदर्शन तोंडावर आलंय, सगळं मान्य. पण नेण्याआधी थोडं ऐकून घ्या. आणि ते दार लावू नका, असू द्या उघडंच. वारं येतंय खरं, पण एवढ्याशा वाऱ्याने काही बिघडत नाही.

मी फोटोग्राफर. लग्नं, शाळांचे वर्ग, ओळखपत्रं, जे येईल ते. चित्रातलं मला ओ की ठो कळत नाही. चित्रं हिची, माझ्या बायकोची. हिने रंगवायचं आणि मी फोटो काढून ब्लॉगवर चढवायचे, अशी आमची वाटणी. वाचकांच्या प्रतिक्रिया आधी माझ्याकडे यायच्या. मी 'मंजूर' केलं तरच त्या लोकांना दिसायच्या. त्यात एक गोम होती. कुणाचीही पहिली प्रतिक्रिया अडवता येते. ती एकदा मंजूर केली, की त्या माणसाच्या पुढच्या सगळ्या थेट लागतात. मग आपल्याला कुणी विचारत नाही.

सुरुवातीला कुणी वाकडं लिहिलं की मी ते सरळ उडवून टाकायचो. हिला कळलं तेव्हा तिने अबोलाच धरला. मग म्हणाली, शिवी असेल तर काढ, पण चित्र आवडलं नाही एवढं म्हणायची तरी लोकांना मोकळीक हवी. त्यांची तोंडं दाबायची असतील तर माझी चित्रं कपाटात ठेव. तेव्हापासून तोच नियम झाला. एका गृहस्थाने तिच्या झाडांना फुलकोबी म्हटलं, तेही मी मंजूर केलं. ती खळखळून हसली आणि झाड पुन्हा रंगवायला बसली. काम संपलं की ब्रश धुऊन काचेच्या पेल्याच्या काठावर टकटक आपटायची तिला सवय होती. मी चहा टाकत असलो की त्या आवाजावरून ओळखायचो, आता ही उठून बाहेर येणार.

तुम्हाला हवंय ते तिचं शेवटचं चित्र. खोली, खिडकी, आणि खिडकीशी पाठमोरी उभी बाई. ती बाई म्हणजे हीच. दुखणं वाढलं तेव्हा एका दुपारी तिने त्या बाईवर भिंतीचा पिवळा रंग फासला. मी का म्हणून विचारलं, तर म्हणाली, खोलीला आता माझ्यावाचून राहायची सवय होऊ दे. पुढे थोड्याच दिवसांत ती गेली. मी फोटो काढला तो रिकाम्या खोलीचा, आणि तोच ब्लॉगवर लावला. तिथे कधी बाई होती हे तिच्या सख्ख्या भावालाही ठाऊक नव्हतं.

मग एक प्रतिक्रिया आली. नावाच्या जागी लिहिलं होतं, 'कुणीतरी'.

"खिडकीशी बाई होती. तिला पुसायला नको होतं."

ब्लॉगची तांत्रिक बाजू मेव्हणा बघतो, त्याला बोलावून घेतलं. प्रत्येक प्रतिक्रियेपुढे ती कुठून आली याची खूण असते म्हणे. इथे ती जागा कोरी होती. त्याने पुन्हा पुन्हा तपासलं, चष्मा पुसून पाहिलं, तरी कोरीच.

"उडवा हे, भावोजी," तो म्हणाला. "ताईची थट्टा चालवलीय कुणीतरी."

मी हो म्हणालो आणि उडवली नाही.

त्यानंतर त्या येतच राहिल्या. दिवे लावायच्या सुमारास यायच्या, अगदी आता ही वेळ आहे ना, अशाच वेळी. पडद्याचा निळा कच्चा राहिला, असं एकदा आलं. खिडकीतलं ऊन जरा जास्तच झालंय, असं एकदा. आणि मग, फोटो तिरका काढलास. ते वाचून मी ढसाढसा रडलो. सगळा संसार मी हेच वाक्य ऐकत केला होता.

मी त्या सगळ्या अडवून ठेवल्या. मंजूरही केल्या नाहीत आणि काढल्याही नाहीत. जोवर अडकून होत्या तोवर त्या फक्त मला दिसत होत्या. एकदा सगळ्यांना दिसल्या की माझ्या वाट्याला काय उरणार? स्टुडिओ लवकर बंद करून घरी पळत यायचो, लग्न नवं असताना यायचो तसा. या वयात हे सांगताना लाज वाटते, पण त्या संध्याकाळी मी सुखात होतो.

मग एकदा आलं:

"मला का अडवून ठेवलंयस? मी शिवी दिली का?"

खोलीत जवसाच्या तेलाचा वास सुटला होता. ती रंगात मिसळायची ते तेल. तिचे रंग, तेल, ब्रश सगळं मेव्हण्याने केव्हाच नेलं होतं, घरात थेंबही नव्हता. नियम तिचाच होता. शेवटी मंजूर केलं, तिचं एकूण एक वाक्य.

आणि ती बोलायचीच थांबली. बोलायला मोकळी झाली आणि गप्प बसली. माझ्या संध्याकाळी खायला उठल्या.

पण भिंतीवर टांगलेल्या या चित्रात दुसरंच काही सुरू झालं. पिवळ्या रंगाखालून बाई वर येऊ लागली. आधी खांदा दिसला, मग मानेवरचे केस. मेव्हणा म्हणाला, वरचा थर पातळ असला की खालचं दिसायला लागतं, नवल नाही त्यात. असेल. पण ब्लॉगवरच्या फोटोतही ती दिसू लागली, आणि तो फोटो मी आजतागायत बदललेला नाही. तुम्ही ज्या बाईवर भुलून आलात ती त्याच फोटोतली.

मी रोज चित्रासमोर खुर्ची टाकून बसायचो. वाटायचं, एकदा वळून बघेल. एकदाच. वळली नाही. मग न राहवून मीच चित्राखाली लिहिलं, 'ये. दार उघडं ठेवतो.' पाठवलं, तर समोर ओळ आली:

तुमची प्रतिक्रिया मंजुरीच्या प्रतीक्षेत आहे.

मंजूर करणारा मी. माझ्याखेरीज तो अधिकार कुणालाच नाही. मेव्हण्याने सगळं उलटंपालटं करून पाहिलं. अडवलेल्या प्रतिक्रियांत माझी ओळ नव्हतीच.

"भावोजी... मग ही कुणाकडे गेलीय?"

तो चित्राकडे बघत राहिला, आणि समोरचं ताट तसंच सोडून निघून गेला. त्यानंतर तो इकडे फिरकलेला नाही.

मी मात्र वाट पाहत राहिलो. इतकी वर्षं लोकांना ताटकळत ठेवलं, आता माझी पाळी होती. दार रोज उघडं ठेवायचो. शेजारी कुरकुरले, चोर शिरतील म्हणाले. म्हटलं, शिरू देत, नेण्यासारखं उरलंय काय?

आज दुपारी तुमचा फोन यायच्या जरा आधी माझी ओळ चित्राखाली लागली. मंजूर होऊन. त्या आनंदात मी तुम्हाला म्हणून गेलो, संध्याकाळी या, चित्र देतो. भिंतीकडे पाहिलं ते नंतर.

आता तुम्हीही पाहा. तो दिवा जरा इकडे वळवा. खोली आहे, खिडकी आहे, पडदा आहे... हो. बाई नाही. वरून कुणी रंग फासलेला नाही, हवं तर बोट लावा. तिथे नुसतं कोरं कापड राहिलंय, तिच्या आकाराचं.

मला भीती वाटते, खोटं कशाला सांगू? पण दार लावून घ्यावं असं एकदाही वाटलं नाही.

नाही हो, घरात दुसरं कुणी नाही. आतली खोली तिची, ती रिकामी आहे. ब्रश नाहीत, रंग नाहीत, एक काचेचा पेला तेवढा राहिलाय.

हो... मीही ऐकलं. बसा, उठू नका. ब्रश आपटला, म्हणजे आता ती बाहेर येईल.