अर्धा आटा

पेट्रोल भरता भरता पंपावरच्या माणसाने हात बदलला. थोड्या वेळाने पायही बदलला. मीटर धावत होता आणि गाडी ढिम्म उभी राहून पीत होती. गाडी कसली, जुनी दणकट चारचाकी. चारही चाकांना जोर देणारी, पेट्रोलवरची. ती चालवणाऱ्या मुलीचे काका गाडीला कौतुकाने ‘बाईसाहेब’ म्हणत.

“टाकीला भोक तर नाही ना?” मागून कुणीतरी विचारलं.

तिने वळून पाहिलं. मागे स्कूटरवर एक जण बसला होता. बाहीला ग्रीसचा डाग आणि चेहऱ्यावर असा साळसूदपणा, की जणू तो बोललाच नव्हता.

“भोक नाही, भूक आहे,” ती म्हणाली.

“मग जेवण बदला की तिचं. गॅसवर चालवा.”

“गॅसवर स्वयंपाक होतो. डोंगर चढता येत नाही.”

“येतो. मी बसवून देतो गॅसचं कीट. नाही चढली तर मागून ढकलायला मी येईन.”

आता अशा आगाऊ माणसाला दोन शब्द सुनवायचे की नाही? पण तिला हसू आलं. आणि हसल्यावर सुनवणार काय, कपाळ! तिने त्याच्या गॅरेजचा पत्ता विचारून घेतला.

खरं सांगायचं तर तिला गरजही होतीच. ती होती चष्मेवाली. आठवड्यातले पाच दिवस भिंगांची पेटी, फ्रेमांचे खोके आणि अक्षरांचा तक्ता गाडीत टाकून डोंगरावरच्या वस्त्यांमध्ये जायची, लोकांचे डोळे तपासायची, चष्मे करून द्यायची. तिकडे जाणारा रस्ता म्हणजे नुसते दगड; दुसरी कुठली गाडी तिथे टिकली नसती. काकांनी मात्र तंबी दिली होती. “पेट्रोल परवडत नाही, बाळ. काहीतरी तोड काढ, नाहीतर विकू. बाजारातल्या त्या चष्म्याच्या दुकानात तुला नोकरी द्यायला तयार आहेतच.” त्या दुकानात दिवसभर फ्रेमा पुसत बसायचं, ही कल्पनाच तिला नकोशी वाटायची.

गॅरेजमध्ये पहिलं भांडण झालं ते जागेवरून.

“टाकी मागे बसणार,” मेकॅनिक म्हणाला.

“मागे माझी भिंगं बसतात.”

“भिंगं पुढे घ्या.”

“पुढे काय, मांडीवर?”

त्याने डोकं खाजवलं, टेप काढली आणि टाकी राहिली बाजूला, तिची पेटीच मोजायला लागला. लांबी, रुंदी, उंची, दोनदा मोजली. चार दिवसांनी ती गाडी न्यायला गेली, तर टाकी सीटच्या पाठीला आडवी चिकटवून बसवलेली, आणि तिच्यावर लोखंडी पट्ट्यांचं एक फडताळ. पेटी त्यात अशी बसली, की बोट घालायला जागा राहिली नाही. आतून जुन्या घोंगडीचं अस्तर होतं.

“हे कशाला?”

“रस्ता दगडांचा आहे म्हणालात ना...” तो पाना पुसत म्हणाला. पाना आधीच स्वच्छ होता.

तिला फार बरं वाटलं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघणं हा तिचा धंदा. पण या माणसाच्या डोळ्यांत बघताना तिचीच नजर खाली जाई.

मग त्याने बटण शिकवलं. तीन जागांचं बटण. वर पेट्रोल, खाली गॅस, आणि मध्ये काहीच नाही.

“सुरू करायची पेट्रोलवर. इंजिन तापलं की बटण मध्ये आणायचं. आत उरलेलं पेट्रोल संपू द्यायचं. ती जरा अडखळेल... अडखळली, की खाली.”

“आणि घाई केली तर?”

“दोन्ही एकदम जातं. गुदमरते बिचारी.”

“उशीर केला तर?”

“बंद पडते. नेमकी वेळ कळायला जरा सवय लागते.”

ती अडखळली. म्हणजे गाडी. तिने बटण खाली केलं, इंजिनाने एक उसासा टाकला आणि मऊ आवाजात चालू लागली. दोघं एकदमच हसली.

बाईसाहेब गॅसवर डोंगर चढल्या. पहिल्या आठवड्यात एकदाही कुरकुरल्या नाहीत. काका खूश झाले. “अशी चालली तर राहू दे. पण तिकडे वर तू एकटी असतेस. गाडी दगा द्यायला लागली तर मी एक दिवस ठेवणार नाही, आधीच सांगून ठेवतो.”

म्हणजे सगळं छान झालं होतं. फक्त एक अडचण होती. गाडी बिघडतच नव्हती. आणि गाडी बिघडली नाही, तर गॅरेजमध्ये जायचं कशाला?

इंजिनाजवळ गॅसचा एक गोल डबा असतो. त्याच्या बाजूला पितळी स्क्रू. गाडी उभी असताना किती गॅस जावा, ते हा स्क्रू ठरवतो. गॅसच्या नळीला, टाकीला हात लावायचा नाही, एवढी अक्कल तिला होती. पण स्क्रूला काय होतंय! शनिवारी सकाळी तिने बॉनेट उघडलं, पर्समधलं एक नाणं काढलं आणि स्क्रू फिरवला. फार नाही, अर्धा आटा. बाईसाहेब लगेच खोकायला लागल्या.

“कमाल आहे,” मेकॅनिक म्हणाला. “मी तर नीट बसवला होता.” त्याने तो पुन्हा नीट केला, त्यावर बारीक पिवळ्या रंगाची रेघ ओढली, आणि चहा मागवला. चहा दीड तास चालला.

पुढच्या शनिवारी पुन्हा अर्धा आटा, पुन्हा चहा. त्या दिवशी तिने त्याचे डोळे तपासले. तक्ता गॅरेजच्या शटरला लावला.

“चौथी ओळ वाचा.”

“नाही दिसत. जरा जवळ येऊन दाखवा ना.”

“स्पार्क प्लगमधली फट नुसत्या नजरेने लावता, आणि वीतभर अक्षर दिसत नाही?”

“प्लग असा रागाने बघत नाही माझ्याकडे.”

तिने कागदावर लिहून दिलं : डोळे उत्तम. माणूस लबाड. त्याने तो कागद घडी करून खिशात ठेवला, आणि घरी येईपर्यंत ती गाणं गुणगुणत होती. डोक्याचाच आटा ढिला झाला होता म्हणा ना!

चौथ्या शनिवारी मात्र तो हसला नाही. बॉनेटखाली वाकला, बराच वेळ वाकूनच राहिला.

“एक विचारू? खरं सांगा. गाडी दुसऱ्या कुणाला दाखवता का?”

“का हो?”

“दर वेळी मी स्क्रूवरून डब्यावर अशी सरळ रेघ ओढतो. स्क्रू हलला, की रेघ तुटते. आपोआप हलला तर जरासा सरकेल. इथे दर वेळी बरोबर अर्धा आटा. कुणाचा तरी हात लागतोय.”

अरे देवा! सगळ्या डोंगराला चष्मे देणाऱ्या बाईला ती रेघ कशाची, हे कळलं नव्हतं. तिला रंग सांडल्यासारखा वाटला होता. घाबरून तोंडातून निघालं ते भलतंच.

“हो... म्हणजे... एकाला दाखवली होती.”

“बरं.” त्याने पाना खाली ठेवला. “माझ्या कामावर भरवसा नव्हता, तर सांगायचं होतं.”

त्या दिवशी चहा आला नाही. ती घरी आली ती जेवलीच नाही. आपल्याच हाताने आपण हे करून बसलो, याची तिला इतकी चीड आली, की रडूही येईना. तशात काकांनी पुढचा धोंडा टाकला.

“चार आठवड्यांत चार वेळा गॅरेज. पुरे झालं. एक ठेकेदार बघायला येतोय गुरुवारी. गॅसचं काम त्या मेकॅनिकच्या तोंडूनच ऐकायचंय म्हणतो, तर तिथेच भेटू.”

“काका, अहो, किरकोळ बिघाड आहे तो!”

“किरकोळ बिघाडानेच माणूस डोंगरावर अडकतो.”

गुरुवारी ठेकेदार आला. पोट पुढे, मोबाइल कानाला. बोलता बोलता कळलं, की त्याच्याकडे पेट्रोलच्या अशाच सहा गाड्या आहेत आणि काम पसंत पडलं तर सगळ्यांना कीट बसवायचं आहे. छोट्या गॅरेजला सहा गाड्या म्हणजे वर्षाची ददात मिटली!

“हं, बोला,” ठेकेदाराने मेकॅनिकला विचारलं. “गाडी सारखी का बिघडते?”

मेकॅनिकने एकदा काकांकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं नाही.

“गाडीत काही खोट नाही,” तो म्हणाला. “खोट माझ्या कामात आहे. कीट मी काढून घेतो, चांगल्या माणसाकडून पुन्हा बसवून घ्या. पण काका, गाडी विकू नका. यांना वर जायला दुसरं काही चालणार नाही.”

तो खोटं बोलत होता. तिच्यासाठी, सहा गाड्यांवर पाणी सोडून, धडधडीत खोटं बोलत होता! आणि ती गप्प उभी?

“यांच्या कामात काही खोट नाही,” ती म्हणाली. आवाज जरा जास्तच मोठा आला. “दुसरा मेकॅनिकही कुणी नाही. स्क्रू मी फिरवत होते.”

“तू?” काकांचा चष्मा नाकावर घसरला. “कशाला?”

“शनिवारी... गॅरेज उघडं असतं म्हणून.”

“गॅरेज रोज उघडं असतं!”

“गॅरेजमध्ये हे असतात म्हणून!”

झालं. बोलून गेली. ठेकेदाराने मोबाइल कानावरून काढला. मेकॅनिक जागच्या जागी खिळला.

सगळ्यांत आधी ठेकेदारालाच कंठ फुटला. “म्हणजे गाडी एकदम ठणठणीत आहे! बोला काका, काय घेणार?”

“ठणठणीत आहे, म्हणून तर देत नाही,” काका म्हणाले. “चला, तुमच्या सहा गाड्यांचं बाहेर बसून बोलू. या मुलाचं काम तुम्ही बघितलंच. खोट सापडत नाही, म्हणून बिचाऱ्याला स्वतःच सांगावी लागली.” आणि ठेकेदाराच्या पाठीवर हात ठेवून ते त्याला बाहेर घेऊन गेले. जाता जाता त्यांनी पुतणीकडे असं काही पाहिलं, की तिने मान खाली घातली.

“माझी झोप उडवलीत तुम्ही,” मेकॅनिक म्हणाला. तो खरोखर चिडला होता. “महिनाभर! आधी वाटलं, हाताचं यश गेलं. मग वाटलं, दुसरा कुणीतरी आहे. त्याच्या गॅरेजमध्येही तुम्ही असाच चहा पीत असाल, असं...”

“चुकलं माझं.”

“चुकलंच.” तो मग हळूच म्हणाला, “शुक्रवार आला, की मी देवाला दोन गोष्टी सांगायचो. एक, गाडी बिघडू नये. दुसरी, तुम्ही याव्यात. दोन्ही एकदम कसं व्हायचं, ते मला कळत नव्हतं.”

ती बघत राहिली. या वेळी नजर खाली गेली नाही.

“आता स्क्रूला हात नाही लावायचा,” तो म्हणाला.

“नाही लावणार.”

“वचन?”

“वचन.”

शनिवार दोन दिवसांवर होता. पण तिला कुठला धीर! दुसऱ्याच दिवशी दुपारी बाईसाहेब डोंगरावरून उतरल्या, धुळीने माखलेल्या, न खोकता, न अडखळता, आणि थेट गॅरेजच्या दारात उभ्या राहिल्या. आत ठेकेदाराची पहिली गाडी उघडून पडली होती. तिच्याखालून मेकॅनिक सरपटत बाहेर आला, हात पुसत, घाबराघुबरा.

“काय झालं गाडीला?”

“काही नाही.”

“मग?”

“तुला भेटायला आले.”